प्रदेश दारात, भूगोल पुस्तकात

पुणे आणि नाशिक ही दोन शहरे थेट लोहमार्गाने जोडावीत ही मागणी जुनी आहे. 'महारेल'ने या दोन शहरांदरम्यान सुमारे २३५ किलोमीटर लांबीच्या निमअतिवेगवान मार्गाची आखणी केली. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा हा मार्ग होता आणि त्यासाठी आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत भूसंपादनाची प्रक्रियाही सुरू झाली. मात्र नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे जीएमआरटीला, या मार्गाचा अडथळा होईल असा आक्षेप आला. २०२५ मध्ये केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी मूळ मार्ग या कारणाने अडचणीचा असल्याचे सांगून अहिल्यानगर-शिर्डीमार्गे पर्याय पुढे केला. तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत एकच प्रश्न विचारला जात आहे: आमच्या दारावरून जाणारी गाडी दुसरीकडे का वळवली?

प्रश्न राजकीय भासतो आणि त्याची उत्तरेही राजकीयच दिली जातात. वास्तविक तो भूगोलाचा प्रश्न आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना याच परिसरात का उभारल्या गेल्या? मोठ्या शहरापासून पुरेसे अंतर, भोवती डोंगरांचा आडोसा, रेडिओ लहरींचा कमी गोंगाट आणि तरीही पुण्याहून दोन-अडीच तासांत पोहोचता येईल अशी जागा, ही त्यामागील कारणे. याच दुर्बिणीमुळे परिसरात मोठ्या उद्योगांवर निर्बंध आले. चाकणला जे झाले ते नारायणगावला का झाले नाही, याच्या उत्तराचा एक भाग खोडदच्या माळावर उभा आहे. दुर्बिणीच्याही आधी, सत्तरच्या दशकात, याच टापूतील आर्वी येथे उपग्रह संदेशवहनाचे भूकेंद्र आले होते. एखाद्या जागेचे गुण आणि त्या गुणांमुळे तिला मिळणारे फायदे-तोटे हा मानवी भूगोलाच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे.

हा धडा येथील महाविद्यालयांत शिकवलाही जातो. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आणि घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय अशी उच्च शिक्षणाची जुनी केंद्रे या दोन तालुक्यांत आहेत. कला शाखेकडे वळणाऱ्या ग्रामीण व आदिवासी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भूगोल हा जवळचा विषय मानला जातो. प्रश्न एवढाच, की तीन वर्षे भूगोल शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला आपला तालुका वाचता येतो काय?

पन्नास-साठ किलोमीटरांची शाळा

भूगोलाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. पश्चिमेला नाणेघाट, दाऱ्या घाट, आहुपे आणि भीमाशंकरचा कडा. तेथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे पन्नास-साठ किलोमीटर चालत गेले, की बेल्हे-आळ्याच्या पट्ट्यात तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. एवढ्या अंतरात भाताची खाचरे संपून बाजरी आणि कांदा सुरू होतो. कारवीच्या कुडाचे घर जाऊन दगड-मातीचे धाबे येते. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या मागे पडून बागायतदार मराठा आणि माळी समाजाची गावे लागतात. मधल्या पट्ट्यात टोमॅटो, द्राक्षे आणि ऊस. पश्चिमेचे पाणी धरणांत अडवून पूर्वेला नेणारे कालवे या सगळ्यातून जातात.

येथील जुन्या लोकांनी हा प्रदेश नद्यांवरून ओळखला. मीना नदीचे खोरे ते मिन्नेर, घोड नदीचे घोडनेर, भीमेचे भीमनेर, भामेचे भामनेर. आजचे तालुके प्रशासनाने पाडले, 'नेर' लोकांनी पाडले. नैसर्गिक प्रदेश म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. विशेष असे, की आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि बाजारपेठ मंचरला भरते. नाव एकीकडे, कचेरी दुसरीकडे, पैसा तिसरीकडे, अशी ही वाटणी आहे. ती कशी झाली हे शोधताना नदी, धरण, महामार्ग आणि सहकार या चारही गोष्टींतून जावे लागते.

काळाची खोलीही तेवढीच आहे. कुकडी नदीच्या काठी बोरी येथे गाळाच्या थरात ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या सोबत अश्मयुगीन हत्यारे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकात हे स्थळ पुढे आणले. ही राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर जगभरच्या नियतकालिकांत वाद झाला. वयाचे अंदाज ७५ हजारांपासून सुमारे चौदा लाख वर्षांपर्यंत गेले. नाणेघाटातील सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख आणि जकातीचा रांजण, जुन्नरभोवतीची दोनशेहून अधिक लेणी, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी असलेला व्यापार हे सर्वपरिचित आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी, घाटवाटा आणि व्यापारी मार्ग यांचे नाते पायी हिंडून तपासले. गणिताच्या या प्राध्यापकाने जे केले ते भूगोलाच्या क्षेत्र अभ्यासाहून वेगळे नव्हते.

चाळीस गुणांचा विषय

विषयाची उतरंड शाळेपासूनच सुरू होते. दहावीला भूगोल चाळीस गुणांचा. २३ मार्च २०२० रोजी व्हावयाचा दहावीचा भूगोलाचा पेपर करोनाच्या साथीमुळे आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीने गुण देण्यात आले. निर्णय त्या परिस्थितीत अपरिहार्य होता. परंतु त्यावर पालकांत वा शिक्षकांत हळहळ फारशी उमटली नाही, हेही खरे. शेवटचा पेपर गेला, सुटलो, अशीच सार्वत्रिक भावना होती.

महाविद्यालयात आल्यावर विषय निवडला जातो तो बहुधा दुसऱ्याच कारणासाठी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोलाला स्थान आहे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून आणण्याचे आयोगाने जाहीर केले, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. या आंदोलनातील अनेक तरुण ग्रामीण भागातील कला शाखेचे पदवीधर होते. त्यांच्या दृष्टीने भूगोल म्हणजे नद्यांच्या उपनद्या, घाटांचा क्रम, अभयारण्यांचे जिल्हे. पाठांतर करून मिळवायचे गुण. त्यात त्यांचा दोष नाही. नोकरीचा दुसरा रस्ता दिसत नसेल तर विद्यार्थी प्रश्नपत्रिकेकडे पाहूनच अभ्यास करणार. 'कोणत्या नदीवर माणिकडोह धरण आहे' याचे उत्तर कुकडी हे त्याला ठाऊक असते. माणिकडोहचे पाणी कोणाच्या शेतात जाते, हे विचारले जात नाही म्हणून ते वाचलेही जात नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाला एका सत्रात प्राकृतिक भूगोल आणि दुसऱ्या सत्रात मानवी भूगोल अशी मांडणी होती. पुढे महाराष्ट्राचा भूगोल, पर्यावरण भूगोल, प्रात्यक्षिके. कागदावर यात काही उणे नाही. मानवी भूगोलात निसर्गवाद आणि संभववाद यांची चर्चा येते. विदाल द ला ब्लाश या फ्रेंच भूगोलज्ञाने मांडलेली 'जीवनपद्धती'ची कल्पना येते. फॉन थ्युनेनचे १८२६ मधील शेतीची वर्तुळे दाखवणारे प्रारूप येते आणि वॉल्टर क्रिस्टालरने दक्षिण जर्मनीच्या अभ्यासावरून १९३३ मध्ये मांडलेला मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांतही येतो. षट्कोन काढून तो पूर्ण गुणांनी लिहिला जातो. बेल्ह्याचा बैलबाजार, ओतूरचा कांद्याचा बाजार, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि जुन्नरचा आठवडी बाजार यांची कार्यक्षेत्रे एकमेकांत कशी गुंतली आहेत, हे मात्र त्या षट्कोनांवर कोणी ताडून पाहत नाही.

एके काळी चित्र निराळे होते. प्रादेशिक भूगोलाची परंपरा याच मातीत रुजली होती. सी. डी. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७१ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे महाराष्ट्राच्या भूगोलावरील पुस्तक काढले. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील के. आर. दीक्षित यांनी १९८६ मध्ये महाराष्ट्राचा नकाशासंग्रह सिद्ध केला. त्याही आधी, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर आणि १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुक या गावांची जमीन-मजुरीची पाहणी छापली होती. ज्या पिंपळे सौदागरमध्ये आज इमारतींची गर्दी आहे त्या गावात शंभर वर्षांपूर्वी जमिनीचे तुकडे कसे पडत होते, हे त्यामुळे कळते. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा आठवडी बाजारांवरील अभ्यास डेक्कन कॉलेजने १९७० मध्ये प्रकाशित केला. ही सारी मंडळी गावात गेली, मोजली, विचारती झाली आणि मग लिहिती झाली.

नंतर भूगोलाला 'शास्त्र' बनविण्याच्या धडपडीत संख्याशास्त्र आले, त्यानंतर दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली आली. दोन्ही आवश्यकच होती. परंतु प्रदेशाचे समग्र वर्णन करणारा भूगोल मागासलेला ठरला आणि वर्णनाबरोबर प्रदेशात जाणेही मागे पडले. क्षेत्रभेटीची जागा अनेक ठिकाणी सहलीने घेतली. महाबळेश्वर, कोकण किनारा वा दक्षिण भारत अशी चार-पाच दिवसांची बस निघते आणि परतल्यावर अहवाल लिहिला जातो. घोडेगावच्या विद्यार्थ्याने कन्याकुमारीचा सूर्योदय पाहण्यास हरकत नाही. पण त्याने आहुप्याचा कडा पाहिलेला नसेल, तर त्या अहवालाला भूगोल म्हणणे जड जाते.

माळीण

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रस्ता होता, गाव नव्हते.

या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा बराच काळ चालली. सततचा मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण निर्विवाद होते. त्याखेरीज बेसॉल्टच्या थरांवर साचलेली झिजलेल्या खडकाची जाड माती, तीव्र उतार, डोंगरमाथ्याकडील सपाटीकरण आणि पाण्याला निचऱ्याची वाट न उरणे, असे अनेक मुद्दे पुढे आले. त्यात 'पडकई'चाही उल्लेख झाला. पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भाताची खाचरे काढण्याची या भागातील आदिवासींची जुनी पद्धत. गावातील कुटुंबे एकमेकांच्या शेतावर राबून, हाताने, वर्षाला थोडी थोडी अशी ही खाचरे काढीत. नंतर ती सरकारी योजनेत आली आणि योजनेबरोबर यंत्रेही आली. हाताने केलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांत फरक करावा की नाही, यावर कार्यकर्ते आणि अधिकारी यांच्यात मतभेद झाले. आदिवासींच्या शेतीलाच दोषी धरू नका, असे एका बाजूचे म्हणणे होते, तर उतारावर कोणत्याही कारणाने केलेली छेडछाड धोक्याचीच, असे दुसऱ्या बाजूचे.

या वादात निर्णायक ठरली असती अशी एक गोष्ट उपलब्ध नव्हती. माळीण आणि आसपासच्या वाड्यांच्या उतारांची, खाचरांची, झऱ्यांची आणि भेगांची वर्षानुवर्षांची नोंद. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकानुसार ४७ ई/१२ या स्थलनिर्देशक नकाशात माळीणचा परिसर येतो. त्यावरील समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात. डोंगर कुठे उभा आहे हे त्या सांगतात. तो कुठे भेगाळला आहे हे सांगत नाहीत. ते सांगू शकतो तेथे राहणारा माणूस, आणि त्याचे सांगणे नकाशावर उतरवू शकतो भूगोलाचा विद्यार्थी. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रत्येक तुकडीने दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेका वाडीचा उतार नोंदवला असता, तर दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या पश्चिम पट्ट्याचा असा दस्तऐवज तयार झाला असता, जो कोणत्याही सरकारी खात्याकडे नव्हता. त्याने माळीण वाचले असते असा दावा कोणी करू नये. मात्र निदान उतारावरील बदल केव्हा आणि किती झाला, या प्रश्नावर अंदाजांची लढाई करावी लागली नसती.

माळीणनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे आले, धोकादायक गावांच्या याद्या झाल्या. नवे माळीण आमडे येथे वसविण्यात आले आणि २०१७ मध्ये घरांचे वाटप झाले. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी गाडली गेली. म्हणजे नकाशे आणि याद्या झाल्यानंतरही उतारावरील वाड्यांचे मरण थांबले नाही. लहान प्रमाणाच्या नकाशावर एक ठिपका असलेली वाडी खरोखर डोंगराच्या कोणत्या भागात, कोणत्या ओहोळाच्या तोंडाशी बसली आहे, हे पुण्यात वा मुंबईत बसून कळत नाही. त्यासाठी वाडीत जावे लागते.

पश्चिम घाटातील परिसर-संवेदनशील क्षेत्राचा वादही इथलाच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला, कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३ मध्ये. त्यानंतर केंद्राने एकामागून एक मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित होते. या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागातील ग्रामसभांत या विषयावर जेव्हा चर्चा होते, तेव्हा 'आपली जमीन जाणार' एवढीच एक गोष्ट पोहोचलेली असते. तालुक्यातील भूगोलाच्या पदवीधरांनी हे मसुदे मराठीत समजावून सांगायचे नाहीत, तर कोणी सांगायचे?

पाणी, ऊस आणि बिबट्या

मानवी भूगोलाचा एक सबंध अध्याय कुकडी प्रकल्पावर लिहिता येईल. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे जुन्नर-आंबेगावात. लाभक्षेत्र मात्र शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत ते थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत. आवर्तन सोडण्याची वेळ आली, की वरचे आणि खालचे असे दोन पक्ष पडतात आणि ते पक्षीय सीमा ओलांडून पडतात. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावाने तर आंबेगावच्या राजकारणात उलथापालथ घडविली. डिंभ्याचे पाणी खालच्या पातळीवरून काढले, तर वरच्या गावांचे काय, हा आक्षेप. आणि धरण सर्वांच्या पैशातून बांधले असताना पाण्यावर हक्क एकट्याचा कसा, हा प्रतिवाद. ज्यांची गावे धरणात गेली, ते आदिवासी या दोन्ही पक्षांत नाहीत. जलाशयात मासेमारीचा हक्क मिळावा, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनी कसता याव्यात, यासाठी 'शाश्वत' संस्थेच्या साह्याने त्यांना वर्षे खर्ची घालावी लागली.

कालव्यांबरोबर ऊस वाढला, उसाबरोबर विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या दाट, बारमाही पाणी असलेल्या फडांत बिबट्याने घर केले. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, या शतकाच्या प्रारंभी हल्ल्यांची लाट आली तेव्हा बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपाय योजला गेला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतराचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते सरासरी सतरावर गेले. उपायच अपाय ठरल्याचे हे उदाहरण आज जगभरच्या वन्यजीव अभ्यासकांत सांगितले जाते. तरीही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन बळी गेल्यानंतर लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, तेव्हा 'सगळे बिबटे उचलून न्या' हीच मागणी सर्वांत मोठ्या आवाजात होती. ज्याच्या घरातील मूल गेले त्याच्याशी आकडेवारीचा वाद घालणे क्रूरपणाचे आहे. पण धरण, कालवा, ऊस, डुक्कर-कुत्री, बिबट्या ही साखळी ज्या पिढीने महाविद्यालयात शिकायला हवी होती, ती पिढी आता ग्रामपंचायतीत, कारखान्यात आणि वनखात्यात बसली आहे. रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज, फडाला लागून असलेल्या वस्त्यांचा नकाशा, उसाच्या तोडणीचे वेळापत्रक हे उपाय त्या साखळीतूनच निघतात.

याच पट्ट्यातील माणसांच्या हालचालींचा भूगोलही तितकाच बोलका आहे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, भाजी बाजारात जुन्नर-आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली. परदेशी कापडाची लॉरी अडविताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू महाळुंगे पडवळचे. डिंभे जलाशयाला त्यांचेच नाव आहे. मुंबईच्या डबेवाल्यांतही या तालुक्यांचा वाटा मोठा. या स्थलांतराने गावात जत्रेला पैसा आणला आणि जत्रांनी नारायणगावला तमाशाची पंढरी केले. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावातून तमाशा कोणत्या गावांत, कोणत्या क्रमाने फिरतो याचा नकाशा काढला, तर पश्चिम महाराष्ट्राच्या बागायतीचा नकाशा हाती येईल. असा प्रकल्प पदवीच्या विद्यार्थ्याला सहज पेलेल.

श्रेयांकांची संधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा विभागणीत भूगोलाच्या वाट्याला किती विद्यार्थी येतील, याची चिंता प्राध्यापकांना आहे आणि ती अनाठायी नाही. मात्र याच धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेल्या कामाला स्वतंत्र श्रेयांक आहेत. भूगोलाखेरीज दुसऱ्या कोणत्या विषयाला ही तरतूद इतकी चपखल बसेल?

अडचण अंमलाची आहे. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापक भरती दीर्घकाळ रखडल्याने अनेक विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या भरवशावर चालतात. ज्याला शिकवलेल्या तासापुरते मानधन मिळते, त्याने रविवारी तीस मुले घेऊन हातवीजला वा घाटघरला जावे, ही अपेक्षा व्यवस्थेनेच निरर्थक करून ठेवली आहे. क्षेत्र अभ्यासाचे तास त्याच्या कार्यभारात मोजले गेले नाहीत, तर प्रकल्प होतील ते संगणकाच्या दुकानात, मागील वर्षीच्या फाईलवर नवे नाव घालून. तशा फायली प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी कशा तयार होतात हे विद्यार्थ्यांना, अध्यापकांना आणि परीक्षकांनाही ठाऊक आहे.

साधनांची सबब मात्र आता पुरत नाही. स्थलनिर्देशक नकाशे मिळविणे एके काळी दिव्य होते. २०१७ पासून ते संकेतस्थळावर मोफत मिळू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील बरेच निर्बंध उठविले आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. मोफत संगणक प्रणाली आहेत, विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलला अक्षांश-रेखांश कळतात. घोडेगावच्या मुलाला आपल्या वाडीतील हिरड्याची झाडे एका दुपारी नकाशावर नोंदविता येतील. ही नोंद किती कामाची ठरली असती, हे जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दिसले. वादळाने आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी किसान सभेला वारंवार आंदोलने करावी लागली. भात, कांदा यांना पंचनाम्यात रकाना होता. रानातल्या हिरड्याला नव्हता, आणि कोणाची किती झाडे हे सांगणारा कागदही नव्हता.

आकडेवारीचा दुष्काळ आणखी एका बाबतीत आहे. क्षेत्रघनी नकाशे काढण्याच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे २०११ च्या जनगणनेचेच आकडे रंगविले. त्यानुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, आंबेगावची सव्वादोन लाखांहून अधिक. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्या आकड्यांत मूळचे माळीण आहे आणि नवे माळीण नाही. करोनाकाळात मुंबईहून परतलेले आणि पुन्हा गेलेले कोणी नाहीत. केंद्राने जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविली. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी आणि लोकगणनेचा फेब्रुवारी २०२७ साठी जाहीर झाला. फेब्रुवारीत या भागातील चित्र असे असते: भात केव्हाच निघालेले, पश्चिमेकडील अनेक आदिवासी कुटुंबे कामासाठी पूर्वेच्या बागायतीत नारायणगाव-मंचरकडे उतरलेली, आणि साखर कारखान्यांच्या तळांवर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोप्या. कोणाला कोठे मोजायचे हा प्रश्न प्रगणकापुढे प्रत्येक वाडीत उभा राहणार. प्रगणक बहुतेक गावांत प्राथमिक शिक्षकच असतात, आणि त्यांतील अनेकांनी पदवीला भूगोल घेतलेला असतो.